रंगाच्या आधी भिंत बघा
डोंबिवलीत २२ वर्षं रंगकाम करतोय. दिवाळी जवळ आली की फोन येतात, "दादा, दोन दिवसांत हॉल करून द्या." मी आधी भिंतीला तळहात लावतो. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी भिंत लगेच सोडत नाही. शंका आली तर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आत दव दिसलं तर रंगाचा डबा उघडूच नका, आधी गळती शोधा.

भिंत कोरडी असेल तर पोपडे पट्टीने खरवडा, धूळ झाडा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करायचा लेप, लागेल तेवढीच कालवा. दोन-तीन तासांत ती धरते, म्हणजे घट्ट होते. धरलेल्या पुट्टीत पाणी घालून पुन्हा फेटू नका, पुढे तीच पिठासारखी हाताला लागते. एक जाड हात नको, दोन पातळ द्या.

सुकली की १८० नंबरच्या सँडपेपरने घासा, तोंडाला मास्क. मग खोलीत अंधार करा आणि दिवा भिंतीला अगदी लागून आडवा धरा. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर पट्टीच्या रेषा, खड्डे, सगळं सावलीत उठून दिसतं. पेन्सिलीने खुणा करा, तेवढंच पुन्हा भरा, पुन्हा घासा. यात माझा अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक कितीही घाई करो, तो मी सोडत नाही.

पुढे प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात, रंगाचे दोन, मध्ये चार तास. आधी छत, मग भिंती. कोपरे ब्रशने काढले की ते ओले असतानाच रोलर फिरवा, नाहीतर जोड दिसतो.