आईसाठी फणसाच्या लाकडाचा चौरंग

चौरंग करायला घेताना फळी मापण्याआधी, तो ज्या व्यक्तीसाठी करायचा तिचे माप घ्यावे. गुडघेदुखीमुळे माझ्या आईला मांडी घालता येत नाही, ती ठेंगण्या स्टुलावर बसून देवपूजा करते. म्हणून मी उंची 14 इंच धरली, तीही तिला बसवून आणि ताम्हनापर्यंत तिचा हात कसा पोहोचतो हे पाहूनच.

कोकणात या कामाला फणसाइतके जिव्हाळ्याचे लाकूड नाही. ताजे असताना ते हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जाते. वखारीतून आणलेल्या फळ्या मध्ये चिपा घालून सावलीत, वारा खेळेल अशा रचाव्यात. इंचभर जाडीला साधारण वर्षभर सुकवण, हा जुना ठोकताळा पाळावा.

माझ्या चौरंगाची वरची फळी 18 इंच चौरस व 1 इंच जाड आहे, पाय 2 इंची आहेत. पायांना जोडणाऱ्या पट्ट्यांची कुसे, म्हणजे पायातील खाचेत बसणारी टोके, पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावीत. आधी पायातील खाच पटाशीने पाडावी, मग तिच्या मापाने कुसू तासावे. ते हाताच्या दाबाने निम्मे शिरावे आणि उरलेले मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी बसावे. गुण्या लावून काटकोन तपासल्यावरच बांबूची खीळ ठोकावी.

खरी काळजी वरच्या फळीची घ्यावी लागते. माझ्या पहिल्या चौरंगाची फळी मी चारही बाजूंनी सरस व स्क्रूंनी जखडली होती. पावसाळा तिने सोसला, पण पुढच्या फाल्गुनात, हवा कोरडी होताच, ती मधोमध तडकली. लाकूड त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या अंगाला खाच पाडून, त्यात जीभ अडकेल असे लाकडी गुटके फळीला खालून स्क्रूने बसवावेत. रेषांना समांतर असलेल्या पट्ट्यांपाशी ही जीभ खाचेच्या तळाला न टेकवता दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडावी. असे केल्यास फळी घट्ट राहते आणि तिला हलायला वावही मिळतो.

शेवटी रंधा व काचकागद फिरवून जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, खालच्या बाजूसही तितकेच, नाहीतर फळी वाकते. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. तेल पूर्ण मुरून वास जाईपर्यंत चौरंगावर देव मांडू नयेत.