फोन-इन कार्यक्रम: या चुका टाळा

कम्युनिटी रेडिओवरच्या फोन-इनमध्ये, म्हणजे श्रोत्यांचे फोन थेट हवेत घेणाऱ्या कार्यक्रमात, बोलणारा एक असतो, ऐकणारे शेकडो. निवेदक मात्र हळूहळू त्या एकाशीच गप्पा मारत बसतो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे. ऐकणाऱ्यांतले बरेच अधूनमधून रेडिओ लावतात: कुणी गोठ्यातून येऊन, कुणी भाकऱ्या थापताना. कार्यक्रम बांधायचा तो त्यांच्यासाठी.

पहिली चूक विषयातच होते. 'आजचा विषय आहे पाणी' असं म्हटलं की कुणाचाच फोन येत नाही, कारण बोलायचं नेमकं काय ते कळत नाही. 'बोअर तीनशे फूट गेली, पाणी नाही. अजून खाली जावं की थांबावं?' असं विचारलं, तर ज्यानं पैसे घातलेत तो फोन करतोच. विषय ऐकल्याबरोबर माणसाला स्वतःच्या घरचं उदाहरण आठवायला हवं.

सुरुवातीला नमस्कार, स्वागत, पाहुण्यांच्या पदव्या यांत चार मिनिटं जातात. पहिल्या तीस सेकंदांत प्रश्न, पाहुण्यांचं नाव आणि फोन नंबर, एवढं झालंच पाहिजे. बाकीचा परिचय बोलता बोलता होतो. नंतर दर सात-आठ मिनिटांनी एका वाक्यात विषय आणि पाहुणे पुन्हा सांगा. स्टुडिओत बसलेल्याला तेच तेच वाटतं, पण आत्ता रेडिओ लावलेल्यासाठी ते पहिलंच असतं.

नंबर सांगताना मराठी अंकांचा घोळ होतो. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे फोनवर आणि रेडिओवर सारखेच ऐकू येतात. जोड्या करू नका. एकेक अंक सांगा, पाच अंकांनंतर थांबा, उरलेले पाच सांगा, आणि सगळा नंबर पुन्हा एकदा म्हणा. ऐकणारा पेन शोधत असतो.

पहिली दहा मिनिटं फोन आला नाही तर 'फोन करा, फोन करा' अशी विनवणी नको. त्यानं लोक आणखीच बुजतात. आठवडी बाजारात रेकॉर्ड केलेले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दोन-तीन आवाजी प्रश्न तयार ठेवा आणि ते वाजवून पाहुण्यांकडून उत्तर घ्या. पहिला प्रश्न ऐकला की दुसऱ्याची भीड चेपते. स्टाफमधल्या कुणाला श्रोता बनवून बोलायला लावणं मात्र नकोच. गाव लहान असतं, आवाज ओळखला जातो.

फोनवर घुमणारा आवाज

फोन घेणारा माणूस वेगळाच हवा. त्यानं नाव, गाव आणि एका ओळीत प्रश्न लिहून चिठ्ठी निवेदकासमोर सरकवायची, आणि लाइन जोडण्याआधी 'रेडिओ बंद केला का?' हे विचारायचंच. रेडिओ चालू राहिला तर त्याचा आवाज फोनमधून परत स्टुडिओत येतो आणि शिट्टी किंवा घुमारा सुरू होतो. कुणी मोबाइल अ‍ॅपवर ऐकत असेल तर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. स्वतःचंच मागचं वाक्य कानावर आलं की माणूस अडखळतो.

रेडिओ बंद असूनही श्रोता 'माझाच आवाज येतोय' म्हणाला तर दोष मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, आहे. फोनला परत जाणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज मिसळला जातोय. त्यासाठी एक ऑक्स सेंड (मिक्सरमधून वेगळा आवाज बाहेर पाठवायची वाट) फक्त फोनसाठी राखून ठेवा. त्यात निवेदक आणि पाहुण्यांचे माइक वर करा आणि फोनच्या चॅनेलचा ऑक्स पूर्ण बंद ठेवा. ऑक्स प्री-फेडर असलेला बरा, म्हणजे मुख्य फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) हलवला तरी फोनकडे जाणारी पातळी बदलत नाही.

मोबाइल मिक्सरच्या वायरींवर ठेवला तर मध्येच टर्रटर्र आवाज येतो. तो हातभर लांब ठेवा, जमलं तर मीटरभर. लाइव्ह जाण्याआधी एक चाचणी कॉल करून डिजिटल मीटरवर फोन आणि माइक दोन्ही उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान येतात का ते बघा. साध्या फोनचा आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्येच असतो. बास वाढवून तो भारदस्त होत नाही, फक्त घरघर वाढते.

पाहुण्यांनी सांगितलेलं प्रमाण

शेतीच्या कार्यक्रमात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पाहुणे फवारणीच्या औषधाबद्दल सांगतात, 'पंपाला तीस मिली'. पण कुठल्या पंपाला? 15 लिटरच्या पंपात ते लिटरला 2 मिली होतं, 20 लिटरच्या पंपात दीड, आणि 10 लिटरच्या पंपात 3. म्हणून निवेदकानं लगेच विचारायचं: 'लिटरला किती?' मग स्वतः हिशेब करून दाखवायचा: 'लिटरला 2 मिली, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 32.' बाटलीवरचं टक्के किंवा पीपीएमही (दहा लाख भागांत घटकाचे किती भाग) विचारा. निंबोळीवर आधारित औषध 1500 पीपीएमचं मिळतं तसं 10000 चंही मिळतं, आणि दोन्हींची मात्रा वेगळी असते. औषधाचं ब्रँडचं नाव घेण्यापेक्षा त्यातला घटक सांगायला लावा. दुकानदार तोच ब्रँड देईल याचा भरवसा नसतो. शेवटी सगळं प्रमाण सावकाश पुन्हा वाचा. आणि फोन करणाऱ्यानं पिकाचं वय सांगितलं नसेल तर उत्तर द्यायची घाईच करू नका.

नावं, आरोप, बातमी

'अमुक साहेब पैसे मागतात' असं कुणी थेट हवेत म्हणालं की निवेदक गोंधळतो. छोट्या स्टेशनवर सहसा काही सेकंद उशिरा प्रसारण करणारं यंत्र नसतं. म्हणून एक बोट कायम फोनच्या फेडरवर असू द्या. नाव आलं की फेडर खाली घ्या आणि वळवा: 'नाव राहू द्या. कुठला दाखला अडलाय ते सांगा.' मग त्या दाखल्याला काय कागद लागतात आणि तक्रार कुणाकडे करायची, हे पाहुण्यांकडून घ्या. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे 'आत्ताच कळलंय की…' अशी सुरुवात टाळा. वीज, पाणी, हवामान, परीक्षा यांची माहिती चालते, पण ती प्रशासनाकडून किंवा संबंधित खात्याकडून आलेली असावी. प्रसारित कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. तारखेच्या नावानं फाइल ठेवली की तक्रार आल्यावर शोधाशोध होत नाही.

शेवटची तीन मिनिटं उरली की नवा फोन घेऊ नका. अर्धवट तोडलेला श्रोता परत फोन करत नाही. रांगेतल्यांचे प्रश्न फोन घेणाऱ्यानं लिहून घ्यावेत आणि पुढच्या भागाची सुरुवात त्यातल्याच एकानं, नाव आणि गाव सांगून करावी.