विमान एकाच बाजूला कलंडतंय? डायहेड्रलच्या या चुका टाळा

पंख V आकारात वर उचललेले असले (यालाच डायहेड्रल म्हणतात) की विमान आपोआप सरळ होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. कसं होतं विचारलं की बरेच जण वहीत समोरून विमान काढून दाखवतात, बघ, खालचा पंख आडवा झाला म्हणून त्याची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, जास्त. मीपण व्हायव्हात हेच ठोकून दिलेलं, सर एवढंच म्हणाले, "आणि साइडस्लिप कुठे गेली?"

नुसतं कलल्याने पंखांना काही कळत नाही हो. विमान डावीकडे कललं की लिफ्टही तिकडे झुकते, विमान डावीकडे घसरायला लागतं, हीच साइडस्लिप, म्हणजे वारा जरा डावीकडून येतो, आणि डायहेड्रलमुळे तो डाव्या पंखाला जास्त कोनात लागतो, तिथली लिफ्ट वाढते आणि तो पंख वर येतो. सगळा खेळ साइडस्लिपचा आहे.

दुसरी चूक म्हणजे लोलक. हाय विंगला, म्हणजे पंख बॉडीच्या वर असलेल्या विमानाला, वजन खाली लटकतं म्हणून ते स्थिर, असं बिनधास्त सांगतात. अरे पण लोलक वर खिळ्याला टांगलेला असतो, विमान कशाला टांगलंय? खरं कारण बॉडी. बाजूने आलेला वारा बॉडीला अडून थोडा वर आणि थोडा खाली वळतो, पंख वर असेल तर वाऱ्याकडच्या पंखाला मुळाशी हवा खालून लागते आणि तो उचलला जातो, पंख खाली असेल तर बरोब्बर उलटं. म्हणून हाय विंग सेस्ना 172 ला पावणेदोन अंशाच्या आसपास डायहेड्रल पुरतो आणि लो विंग पायपर चेरोकीला 7 अंश द्यावा लागतो.

जास्त डायहेड्रल म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. स्वीपबॅकनेही, म्हणजे पंख मागे झुकवूनही, हाच परिणाम मिळतो आणि लिफ्ट कोएफिशंट (ठरावीक वेगाला पंख किती लिफ्ट देतो त्याचा आकडा) वाढला, म्हणजे वेग कमी झाला, की तो वाढतो. उंच फिनही (शेपटीचा उभा पंख) सीजीच्या, म्हणजे गुरुत्वमध्याच्या, वर असल्यामुळे मदत करते. सगळं एकत्र आलं की विमान डुलत डुलत डच रोल करतं, म्हणजे शेपूट हलवत दोन्ही बाजूंना कलत राहतं, म्हणून मालवाहू सी-17 चे पंख खाली झुकवलेत, आणि उंच टी-टेलवाल्या (आडवी शेपटी फिनच्या टोकावर) लढाऊ एफ-104 चे तर 10 अंश.

आता मैदानावर. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) नसलेलं मॉडेल सपाट पंखाने बनवू नका, माझं पहिलं थर्माकोलचं असंच होतं, डावा रडर (फिनवरची हलती पट्टी) दिला की नाक डावीकडे आणि विमान मात्र सरळच घसरत जायचं. डायहेड्रल असता तर उजव्या पंखाला वारा लागून ते डावीकडे कललं असतं. अशा मॉडेलला प्रत्येक बाजूला 5 अंश तरी ठेवा. मोजायचं सोपंय, अर्धा पंख टेबलावर सपाट दाबा, दुसरा अर्धा 60 सेंमी असेल तर त्याचं टोक साधारण साडेदहा सेंमी वर पाहिजे.

वळणात नाक खाली घालून गोल गोल आत शिरतंय? डायहेड्रलच्या मानाने फिन मोठी झालीय. शेपूट हलवत डुलतंय? मग फिन लहान पडतेय. आणि स्टिक सोडल्यावर दरवेळी एकाच बाजूला जात असेल तर डायहेड्रलला हात लावू नका, आधी मागून डोळा लावून बघा, पंखाला पीळ पडलेला असतो बहुतेक वेळा.