सिंगापूर ते टोकियो: तिकिटावरचे तास कसे मोजावेत?

सिंगापूरचं चांगी विमानतळ ते टोकियोचं हानेदा विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ५,३०० किमी. विमानाला साधारण सात तास लागतात. पण तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते आणि टोकियोचं घड्याळ एक तास पुढे. सकाळी ८ला निघून दुपारी ४ला उतरलात, तर प्रवास आठ नव्हे, सातच तासांचा. परतताना हाच तास वजा न करता मिळवायचा. शिवाय हिवाळ्यात परतीच्या वाटेवर जेट स्ट्रीमचा (खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा) वेगवान वारा समोरून येतो, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा.

बुकिंग करताना टोकियोच्या विमानतळाचा कोडही नीट बघा: एचएनडी म्हणजे हानेदा, एनआरटी म्हणजे नारिता. नारिता विमानतळ टोकियो शहरापासून जवळपास ६० किमी लांब! रात्री उशिरा तिथे उतरणार असाल, तर शेवटच्या ट्रेनची वेळ आधीच पाहून ठेवा.