कार्बनच्या समस्थानिकांतले न्यूट्रॉन कसे काढावेत

समस्थानिकं म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू. अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, शोधत बसू नका. कार्बन म्हटला की ६. सातवा प्रोटॉन आला की तो कार्बन उरत नाही, नायट्रोजन होतो.

पुढे नुसती वजाबाकी: अणुवस्तुमानांकातून (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) अणुअंक वजा करा. कार्बन-१२ मध्ये ६ न्यूट्रॉन, कार्बन-१३ मध्ये ७, कार्बन-१४ मध्ये ८. लिहिताना चिन्हाच्या डावीकडे वर अणुवस्तुमानांक, खाली अणुअंक.

घोळ होतो तो अणुवस्तुमानांक कुठून घ्यायचा, इथे. आवर्तसारणीत कार्बनच्या चौकटीत १२.०११ छापलेलं असतं. ‘ते पूर्णांकात करा, झाला अणुवस्तुमानांक’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो सोडून द्या. कार्बनच्या बाबतीत उत्तर योगायोगाने जुळतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. तीच युक्ती ब्रोमीनला लावा. ७९.९ चे झाले ८०. पण निसर्गात ब्रोमीनची स्थिर समस्थानिकं दोनच, ७९ आणि ८१. म्हणजे तुम्ही मोजलात तो अणू ब्रोमीनच्या बाटलीत नाहीच! ‘अणुअंकाची दुप्पट करा’ हा सल्ला तर कार्बन-१३ लाच आपटतो.

१२.०११ ही सरासरी आहे, कुठल्याही एका अणूची संख्या नव्हे. पडताळून पाहा: निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९३ टक्के कार्बन-१२ आणि १.०७ टक्के कार्बन-१३.

(१२ × ०.९८९३) + (१३ × ०.०१०७) = १२.०१०७

कार्बन-१४ या हिशेबात धरू नका. हवेतल्या कार्बनच्या साधारण लाख कोटी अणूंत तो एखादाच असतो. अणुवस्तुमानांक मात्र नेहमी पूर्णांक, कारण ती प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजणी आहे. तो समस्थानिकाच्या नावातून किंवा चिन्हावरून घ्यायचा, सारणीतून नाही. प्रश्नात नुसतं ‘कार्बन’ असेल आणि न्यूट्रॉन विचारले असतील, तर प्रश्न अर्धवट आहे. कार्बन-१२ गृहीत धरलं, असं लिहूनच ६ उत्तर द्या.

कार्बन-१४ च्या बीटा ऱ्हासात ‘इलेक्ट्रॉन बाहेर पडला’ म्हणून १४ चे १३ करू नका. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो: न्यूट्रॉन ८ चे ७, प्रोटॉन ६ चे ७, बेरीज १४ च. तयार होतो नायट्रोजन-१४. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू असे बदलायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं.

आयन (विद्युतभार असलेला अणू) असेल तर फक्त इलेक्ट्रॉनची संख्या बदला, बाकी कशाला हात लावू नका.