मोरोक्कोचा ट्रायलोबाइट विकत घेण्यापूर्वी

मोरोक्कोच्या अँटी-ॲटलस डोंगररांगेत अल्निफ, एर्फूद, रिसानी या गावांच्या आसपास डेव्होनियन काळातला (सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीचा) चुनखडक पसरलेला आहे. ऑनलाइन लिलावांत आणि खनिजांच्या प्रदर्शनांत दिसणारे काटेरी, टपोऱ्या डोळ्यांचे ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या कवचधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, बहुतेक इथलेच. नकली मालही इथूनच येतो, आणि तो घडवणारे हात कसलेले असतात. म्हणून ‘खरा की खोटा’ एवढं विचारून भागत नाही. खरा किती, कुठे जोडलाय, कुठे भरलाय आणि विक्रेत्याने त्यातलं किती सांगितलंय, हे बघावं लागतं.

तुटलेले मूळचेच तुकडे चिकटवले तर ते जोडकाम. त्यात वावगं काही नाही. गहाळ भाग राळेने किंवा पुट्टीने घडवला तर ते रिस्टोरेशन. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावलं तर कॉम्पोझिट. साच्यातून ओतलेला तुकडा म्हणजे कास्ट. सांगून केलेलं रिस्टोरेशन किंमत कमी करतं, न सांगता केलेलं म्हणजे फसवणूकच.

आधी भेग शोधा

नवख्या गिऱ्हाईकाला भेग दिसली की माल खराब वाटतो. इथे नेमकं उलटं आहे. हा चुनखडक कठीण असतो आणि आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. खाणकामगार हातोड्याने दगड फोडत जातात आणि फुटलेल्या बाजूवर ट्रायलोबाइटचा आडवा छेद, म्हणजे एक बारीक वक्र रेघ, दिसली की थांबतात. मग दोन्ही तुकडे सुपरग्लूसारख्या डिंकाने जोडून हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने वरचा दगड कणाकणाने काढतात. म्हणजे अस्सल नमुन्यात निदान एक तरी सांधा हवाच, असं धरून चाला.

तो सांधा ट्रायलोबाइटच्या अंगावरून जातो, तसाच पुढे दगडातही जायला हवा. दगड हातात घेऊन रेघेचा माग काढा: पाठीवरून कडेला, कडेवरून खालच्या बाजूला. मध्येच रेघ नाहीशी झाली, किंवा ट्रायलोबाइट अखंड आणि दगड मात्र फुटलेला असेल, तर वरचा प्राणी नंतर बसवलेला असण्याची शक्यता मोठी. कुठेच भेग नसलेला, कडक चुनखडकातला मोठा नमुना स्वस्तात मिळत असेल तर तो सोडून द्या.

दहापट भिंग

जवाहिऱ्याचं दहापट भिंग पुरतं. प्रकाश समोरून नको, कडेने तिरपा पाडा. पहिल्यांदा बुडबुडे शोधा. राळ ओतताना हवा अडकते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे गोल, गुळगुळीत खळगे राहतात. ते बहुतेकदा पाठीच्या वळ्यांच्या खाचांत आणि डोक्याच्या कडेखाली सापडतात. दगडातली नैसर्गिक छिद्रं अशी गोलसर, एकसारखी नसतात.

नंतर डोळे. ड्रोटॉप्स हा ट्रायलोबाइट आणि त्याचे भाऊबंद यांच्या डोळ्यांत पुष्कळ बारीक भिंगं असतात; प्रत्येक भिंग सुटं, फुगीर आणि उभ्या रांगांत बसलेलं असतं. शेजारच्या रांगा अर्ध्या घराने सरकलेल्या. कोरलेल्या नकलेत कानशीने आडव्याउभ्या रेघा मारलेल्या असतात आणि डोळा चाळणीच्या जाळीसारखा दिसतो. चांगल्या कास्टमध्ये भिंगंही उतरतात, पण त्यांच्या कडा बोथट असतात. नुसता डोळा बरा दिसला म्हणून निकाल देऊ नका.

काट्यांवर सगळ्यांत जास्त हात मारलेला असतो, कारण काट्यांनीच किंमत चढते. डायक्रॅन्युरस किंवा त्रिशूळधारी वॉलिसेरॉप्स घेताना प्रत्येक काट्याचं मूळ तपासा. अस्सल काटा मुळाशी हळूहळू रुंद होत अंगात मिसळतो आणि अंगावरचे बारीक दाणे काट्यावरही चढलेले दिसतात. नंतर लावलेल्या काट्याच्या मुळाशी डिंकाचं कडं असतं, पृष्ठभाग नितळ असतो, आणि सगळे काटे एकाच जाडीचे असतात. एखादा काटा तुटून परत चिकटवलेला असणं मात्र अगदी साहजिक आहे.

शेवटी प्राणी आणि दगड यांची शिवण बघा. सुईने खरवडल्याच्या बारीक रेघा दगडावर असतात. दगडाची पूड आणि डिंक कालवून केलेला लेप असेल तर त्या जागी रेघा नसतात, आणि ट्रायलोबाइटभोवती किंचित वेगळ्या रंगाचं वर्तुळ दिसतं.

अतिनील टॉर्च, ॲसिटोन आणि वजनकाटा

टॉर्च 365 नॅनोमीटरचा घ्या. स्वस्तातले 395 चे टॉर्च इतका जांभळा उजेड फेकतात की बारीक चमक त्यातच बुडून जाते. खोलीत मिट्ट अंधार करा. पुष्कळसे डिंक आणि राळ निळसर-पांढरे उजळतात, चुनखडक मंद राहतो. जोडाची बारीक रेघ उजळली तर घाबरू नका. पसरट डाग, अख्खा काटा किंवा अर्धं डोकं उजळलं तर ते रिस्टोरेशन. दोन अडचणी लक्षात ठेवा: कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलं मुख्य खनिज, कधीकधी स्वतःही चमकतं, आणि काही पुट्ट्या व रंग अजिबात चमकत नाहीत. म्हणून चमक आहे की नाही यापेक्षा एकाच नमुन्यात कुठे फरक पडतो ते पाहा.

काळा रंग, कधी चक्क बूटपॉलिश, लावून कवच झळकवलेलं असतं. विक्रेत्याच्या परवानगीने, खालच्या किंवा कडेच्या जागी, ॲसिटोनमध्ये किंचित भिजवलेला कापूस फिरवा. कापसावर रंग आला की वरचा थर मानवी. जास्त घासू नका; ॲसिटोनने सुपरग्लूचा जोड सैल होतो. तापवलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास घेण्याची युक्ती राळेवर चालते, पण डाग राहतो, म्हणून ती स्वतःच्याच वस्तूवर आणि तळाशीच करा. आम्लाचा थेंब टाकून फेस बघणं तर नकोच: अस्सल कवच झिजतं, आणि पुट्टीत चुनखडकाची पूड असेल तर नकली मालालाही फेस येतो.

संपूर्ण ओतीव तुकड्याचा संशय असेल तर वजनकाटा उत्तर देतो. दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडांना न टेकता. आता दिसणारे ग्रॅम म्हणजेच दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. 540 ग्रॅमच्या दगडाला 200 आकडा आला तर घनता 2.7, म्हणजे चुनखडकाची. राळेचा तुकडा 2 च्या बराच खाली राहतो. खऱ्या दगडावर राळेचा प्राणी बसवला असेल तर मात्र या कसोटीला काही पत्ता लागत नाही. वाळू-डिंकाच्या लेपाचा संशय असेल तर पाण्यात बुडवूच नका.

जास्त धोका कुठे

सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचे, वीतभर ते हातभर लांबीचे कँब्रियन ट्रायलोबाइट, विशेषतः अकॅडोपॅराडॉक्साइड्स आणि कँब्रोपॅलस, नकलांनी बुजबुजलेले आहेत. अस्सल नमुने चेपलेले, तडकलेले, बऱ्याचदा गालाचे भाग गळालेले असतात. सममित, तांबूस-तपकिरी, गुळगुळीत आणि पूर्ण नमुना दिसला तर त्याच विक्रेत्याचा बाकीचा माल चाळा. दोन तुकड्यांत तोच बाक आणि तीच चिरलेली कड सापडली की दोन्ही एकाच साच्यातले.

मोरोक्कोतल्याच खूरिब्गाच्या फॉस्फेट खाणींतून येणारे मोसासॉरचे (नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे) जबडे तर सहसा टाळावेच. दात खरे असतात; पण ते वेगवेगळ्या प्राण्यांचे घेऊन हाडांच्या चुऱ्यात एका रांगेत रोवतात आणि भोवती वाळू व डिंकाचा लेप देतात. सारख्या अंतरावरचे, सारख्या उंचीचे दात ही पहिली खूण. ओलं बोट घासल्यावर ‘दगड’ चिकट झाला, तर तो दगड नाहीच. मोरोक्कोतल्या केम केम भागातून येणाऱ्या स्पायनोसॉर या डायनोसॉरच्या दातात टोक एकाचं आणि मूळ दुसऱ्याचं असू शकतं. दाताच्या उभ्या रेघा सांध्यापलीकडे तशाच जुळतात का, तेवढं भिंगाखाली पाहा.

आपल्याकडचा शाळिग्रामही नेपाळच्या काली गंडकीतला अमोनाइटच (वेटोळ्या शिंपल्याच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म) आहे आणि त्यातही कोरीव माल चालतो. तो दोन फाकांत असेल तर एका फाकेवरचा उंचवटा समोरच्या फाकेत खोलगट उतरलेला हवा, आणि वेटोळ्यावरच्या कडा आतल्या फेऱ्यांपर्यंत जायला हव्यात. कोरलेलं चक्र बहुधा मध्याशी पोचण्याआधीच उथळ होतं.

जीवाश्म अस्सल आणि ठिकाण खोटं, असंही होतं. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये पंजाब विद्यापीठाच्या विश्वजित गुप्तांवर ठपका ठेवला, तो याच प्रकारचा: हिमालयातले म्हणून छापलेले काही अमोनॉइड (अमोनाइटच्या कुळातले जीवाश्म) मोरोक्कोतल्या एर्फूदच्या मालाशी हुबेहूब जुळत होते. तेव्हा चिठ्ठीवर नुसतं ‘मोरोक्को’ असेल तर समाधान मानू नका. डोंगराचं किंवा खाणीचं नाव मागा.

विक्रेत्याला काय लिहाल

‘शंभर टक्के ओरिजिनल आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: किती ठिकाणी जोड आहे, कोणता भाग राळेचा आहे, कोणते काटे परत लावले आहेत, रंग किंवा वार्निश कुठे आहे. फोटो मागा: खालची बाजू, चारही कडा, अंधारात अतिनील टॉर्चखाली एक, आणि दगड फुटल्यावर छेद दिसत होता तेव्हाचा एक. चांगले कारागीर हा शेवटचा फोटो काढून ठेवतात. उत्तरं फोनवर नकोत, लेखी घ्या, आणि परत घेण्याची मुदत पैसे भरण्याआधी ठरवा. माल हातात आला की त्याच दिवशी टॉर्च आणि भिंग लावा, कारण मुदत बहुधा पार्सल पोचल्यापासून मोजली जाते.