तेराशेचं हेड सोळाशेवर चढवताना

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवडाभर बुश आणि फ्लँज काढायचे, रविवारी शटर अर्धं ओढून फोक्सवॅगन बीटलच्या नादाला लागायचं. गाडी १९६६ ची, इंजिन १३०० सीसीचं. मध्यंतरी १६०० चं एक पडीक इंजिन हाती लागलं. खालचं सगळं ठणठणीत, पण दोन्ही हेडना (सिलिंडरवरच्या झाकणांना) प्लगच्या भोकापासून व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत तडे. म्हटलं, आपलीच १३०० ची हेडं चढवू. चढवली. कसाऱ्याच्या घाटात इंजिनाने अशी टकटक लावली की बायको म्हणाली, "अहो, मागे कोणी हातोडा घेऊन बसलंय का?"

चूक माझीच. हेडमधलं चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं ती पोकळी, मोजलं नव्हतं.

आधी बसतं काय ते बघा. १५०० आणि १६०० ची हेडं आपसात सरळ बदलतात; बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८३ आणि ८५.५ मिमी असला तरी बॅरलचं, म्हणजे सिलिंडरच्या नळीचं, वरचं टोक बाहेरून सारखंच, ९० मिमी. १३०० चा बोअर ७७, त्यामुळे हेडमधली बॅरलची खाच लहान. ती ९० ला उघडावी लागते. व्यास वाढवायचा, खोली नाही; खोल गेलात की कॉम्प्रेशनचं (मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचं) गणित पुन्हा बदललं. हेड फिक्स्चरवर घ्या, प्रत्येक खाच डायल लावून सेंटर करा. इथे घाई केली तर बॅरल तिरपं बसतं आणि गॅस फुंकतो, कारण मध्ये गॅस्केट नाही, धातूवर धातू.

उलटा प्रकार, म्हणजे १६०० चं हेड १३०० वर, करूच नका. बॅरल खाचेत डुगडुगतं आणि कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास घसरतं.

आता मोजणी. व्हॉल्व्ह आणि प्लग लावून हेड उलटं, लेव्हलमध्ये ठेवा. ॲक्रिलिकच्या तुकड्याला एक भोक पाडा, काठाला ग्रीस लावून तो चेंबरवर चिकटवा. केमिस्टकडून सुईशिवाय सिरिंज आणा (माझ्याकडे तो 'कुणाला काय झालं?' म्हणून बघत राहिला) आणि रॉकेल सोडत जा. बुडबुडा राहता कामा नये. माझ्याकडे ४५ सीसी मावलं.

मग बॅरल पक्कं दाबून पिस्टन वर आणा आणि डेप्थ गेजने बघा किती खाली राहतो. माझा दीड मिमी होता, ८५.५ च्या बोअरला ते ८.६ सीसी होतात. दोन्ही मिळून ५३.६. सिलिंडर ३९६ चं, कारण १५८४ भागिले ४. ३९६ अधिक ५३.६, भागिले ५३.६, म्हणजे कॉम्प्रेशन ८.४. कंपनीने १६०० ला साडेसात दिलं होतं. एअर-कूल्ड इंजिन, ठाण्याचा मे महिना आणि घोडबंदर रोडचा जाम: टकटक होणारच.

बॅरलखाली जाड शिम (कडीसारखी चकती) घालून हा आकडा उतरवता येतो, पण मला ते पटत नाही. पिस्टन हेडपासून लांब गेला की मिश्रण नीट घुसळत नाही, ठोकणं परत येऊ शकतं. मी डाय ग्राइंडर घेतला. सीट वाचवायला जुने व्हॉल्व्ह बसवले आणि त्यांच्या बाजूच्या भिंती खरवडून प्रत्येक चेंबर ५० सीसीवर नेलं. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले पाहिजेत. दोन दिवस गेले, आकडा ७.८ वर आला.

व्हॉल्व्ह १३०० चेच, म्हणून वरच्या आरपीएमला दम कमी. शहरात फरक जाणवत नाही. हेडमध्ये मिश्रण आत यायचा पोर्ट (वाट) सिंगल असल्याने मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतची नळी) सिंगल पोर्टचाच लागतो.

बसवताना पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या आधी १९०-१९१ मिमीपर्यंत ताणून घ्या, नळीचा जोड वर ठेवा. हेडचे नट दोन फेऱ्यांत: आधी सगळे १ किलोग्रॅम-मीटर टॉर्कला, मग १० मिमीच्या स्टडला ३.२, ८ मिमीच्या स्टडला २.५. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनावर ६ थाऊ (इंचाचे हजारांश). मी पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासला, तीन नंबरचा एक्झॉस्ट घट्ट झाला होता.